मोंतेविदेओत नवीन आलात? माते प्यायचा कसा, लावायचा कसा, सगळं एका जागी

उरुग्वेत नोकरीला, शिकायला किंवा जोडीदाराच्या बदलीमुळे येणारी मराठी मंडळी आता बऱ्यापैकी भेटतात, आयटीच्या निमित्ताने तर भारतीय लोक इथे गेली वीस-बावीस वर्षं येताहेत, आणि नवीन आलेल्या प्रत्येकाचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न ठरलेला असतो. हे लोक सकाळी सकाळी काखेत थर्मास मारून कुठे चालले, हातातल्या त्या भोपळ्यात काय आहे, आणि ऑफिसमध्ये कुणी तो आपल्यापुढे केला तर करायचं काय?

तो भोपळा म्हणजे माते, त्यात येर्बा नावाचा वाळवलेला पाला भरून, गरम पाणी ओतून नळीने पितात. इथे माणशी वर्षाला साधारण आठ किलो येर्बा संपते, जगात कुठेच एवढी पीत नाहीत, शेजारच्या अर्जेंटिनातसुद्धा आकडा सहा-साडेसहा किलोच्या आसपासच आहे. त्यामुळे तुम्हाला आवडो न आवडो, माते रोज समोर येणार. इंटरनेटवर मातेची माहिती भरपूर आहे पण ती बहुतेक खरेदीपासून सुरू होते, हा भोपळा घ्या, ती नळी घ्या. माझं म्हणणं उलटं आहे, आधी दुसऱ्याच्या हातचा माते नीट घ्यायला शिका आणि मग स्वतःचा लावा, म्हणजे तयार करा. हातात माते आला म्हणजे समोरच्याने तुम्हाला आपल्यात बसवून घेतलं, आणि त्या वेळी काय करायचं हे माहीत असलं की इथली अर्धी ओळखपाळख आपोआप होते. म्हणून मी त्याच क्रमाने लिहितेय.

१. आधी चार नावं

माते हे भांड्याचंही नाव आणि पेयाचंही. भांडं बहुतेक वेळा वाळवलेल्या छोट्या भोपळ्याचं असतं. येर्बा म्हणजे आत भरतात तो वाळवून कुटलेला पाला, इथले लोक शेर्बा म्हणतात पण दुकानात येर्बा म्हणालात तरी कळतं. बोंबिशा म्हणजे खाली गाळणी असलेली धातूची नळी. आणि सेबादोर म्हणजे जो माणूस पाणी ओतून सगळ्यांना माते देतो तो, हे सगळ्यात महत्त्वाचं कारण पुढचे सगळे नियम त्याच्याभोवती फिरतात.

२. गोलात बसलात की

शनिवार-रविवारी संध्याकाळी रांब्लावर जा, म्हणजे समुद्रासारख्या रुंद रिओ दे ला प्लाता नदीच्या काठाने बावीस किलोमीटरच्या वर जाणारा तो रस्ता. घड्या घालायच्या खुर्च्या टाकून चार-पाच जण बसलेले असतात, मध्ये एकच माते, एकच बोंबिशा, एकच थर्मास. थोडा वेळ नुसतं बघा. सेबादोर पाणी ओततो, पहिला माते स्वतः पितो. तो मानाचा म्हणून पीत नाही हं, पहिला सगळ्यात कडू असतो, त्यात बारीक भुकटी येते आणि पाणी जास्त गरम झालंय का तेही कळतं, म्हणून तो स्वतःवर घेतो. मग परत पाणी भरून बोंबिशाचं तोंड समोरच्याकडे करून देतो. तो माणूस पितो, परत सेबादोरकडे देतो. सेबादोर पुन्हा भरतो, पुढच्याला देतो. असं तासभर चालतं आणि कुणीही कुणाला "आता तुझा नंबर" म्हणत नाही, सेबादोरच्या डोक्यात क्रम पक्का असतो.

आता तुम्ही बसलात की हे लक्षात ठेवा:

- माते आला की पूर्ण संपवा. पाणी फार नसतं, चार-पाच घोट. तळाशी सुर्रर्र आवाज आला की संपला, आवाज झालाच पाहिजे, त्यात असभ्य काही नाही.
- बोंबिशा हलवायची नाही, ढवळायची तर अजिबातच नाही. आपल्याला कपात चमचा फिरवायची सवय असते म्हणून हात आपोआप जातो, पण आतली येर्बा सेबादोरने विशिष्ट उतारावर बसवलेली असते आणि नळी हलली की सगळं कोसळतं, गाळणी तुंबते, त्याला पहिल्यापासून लावावं लागतं.
- पिऊन झाला की शेजारच्याला देऊ नका, सेबादोरलाच परत द्या.
- हातात धरून गप्पा मारत बसू नका, बाकीचे थांबलेले असतात.
- आणि हा सगळ्यात मोठा सापळा: माते परत देताना "ग्रासिआस" म्हणू नका. आपल्याला वाटतं आभार मानले तर बरं, पण गोलात ग्रासिआस म्हणजे "मला बस झालं, आता नको". तुम्ही म्हणालात की पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात, आणि कुणी मुद्दाम वगळलं नाही तरी नवीन माणसाला ते लागतं. नुसतं हसून मान हलवली तरी पुरते. खरंच नको असेल तेव्हा शेवटचा परत देताना म्हणा.
- बोंबिशा धातूची असते, ओठाला चटका बसतो. पहिला घोट बारीक घ्या.

आता उष्ट्याचं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना एकाच नळीने सगळ्यांनी प्यायचं हे जमत नाही, लहानपणापासून उष्टं म्हणून जे मनात बसलंय ते असं एका दिवसात जात नाही आणि ते जबरदस्तीने घालवायची गरजही नाही. दोन गोष्टी सांगते. एक, २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा इथल्या सरकारनेच लोकांना माते वाटून पिऊ नका म्हणून सांगितलं होतं आणि तेव्हापासून आपापला माते घेऊन बसणारेही खूप झालेत, त्यामुळे नको म्हणणं आता कुणाला खटकत नाही. दोन, नको असेल तर पहिल्यांदाच हसून सांगा, "नो तोमो, ग्रासिआस", म्हणजे मी पीत नाही. घेऊन नळी रुमालाने पुसणं मात्र करू नका. ते खरोखर अपमानास्पद वाटतं, त्यापेक्षा सरळ नाही म्हटलेलं शंभरपट बरं. सर्दी-खोकला असेल तर तुम्ही स्वतःहून नाही म्हणा, उलट लोकांना आवडतं.

चव पहिल्यांदा कडूच लागणार, कडू आणि थोडी धुरकट आणि हिरवी. इथे साखर घालत नाहीत, अर्जेंटिनात काही घरात घालतात. तोंड वाकडं झालं तरी चालेल, लोक समजून घेतात, पण दोन-तीन फेऱ्या थांबा कारण पुढचे माते सौम्य होत जातात.

३. सामान काय लागतं

जमायला लागलं आणि आवडलं की मग खरेदी. यादी छोटीच आहे:

- माते (भांडं), मध्यम आकाराचा
- बोंबिशा
- एक लिटरचा चांगला थर्मास, बारीक धारेने ओतता येईल असा
- येर्बा, पहिल्यांदा अर्धा किलोच
- पाण्याची किटली
- असल्यास मातेरा, म्हणजे हे सगळं ठेवायची चामड्याची पिशवी

भोपळ्याच्या मातेवर चामडं चढवलेलं आणि वर धातूची कडी असेल तर त्याला इंपेरियाल म्हणतात, दिसायला सुंदर आणि महाग. पहिलाच घेत असाल तर साधा भोपळ्याचा घ्या. काच, स्टील, सिलिकॉनचेही मिळतात आणि त्यांना काही तयारी लागत नाही, ज्यांना बुरशीची काळजी घ्यायला वेळ नाही त्यांनी खुशाल तेच घ्यावेत. खरेदीसाठी रविवारी सकाळी त्रिस्तान नार्वाहाचा बाजार बघा, तिथे जुन्या पुस्तकांपासून भाजीपर्यंत सगळं असतं आणि मातेचे विक्रेतेही भरपूर. बंदराजवळच्या पर्यटकांच्या दुकानांतले माते रंगीत असतात पण बरेचसे शोभेचे. भोपळा हातात घेऊन कडा जाड आहे ना, तळाला चीर नाही ना, आणि खाली ठेवला की उभा राहतो ना एवढं बघा.

बोंबिशा घेताना पैसे वाचवू नका. उरुग्वेतली येर्बा फार बारीक दळलेली असते, मोठ्या भोकांची नळी घेतलीत तर प्रत्येक घोटाला भुकटी तोंडात येणार. बारीक भोकांची, शक्यतो गाळणी उघडून धुता येईल अशी, स्टीलची किंवा अल्पाकाची घ्या. अल्पाका म्हणजे चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू, चांदी नाही, विक्रेता काहीही म्हणो.

४. भोपळा मुरवणे

भोपळ्याचा नवीन माते आणला आणि लगेच वापरला तर दोन-चार दिवसांत आतून बुरशी येते आणि येर्बेला कच्च्या भोपळ्याची चव लागते. आपण नवा माठ वापरायच्या आधी पाणी भरून ठेवतो ना, तसंच हे. त्यात वापरलेली ओली येर्बा काठोकाठ भरा (ओळखीच्या कुणाकडून मागा, फेकूनच देणार असतात), वर गरम पाणी घाला आणि एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी रिकामा करून चमच्याने आतला मऊ झालेला गर हलक्या हाताने खरवडा. तळाशी मधोमध देठाचा कडक भाग असतो तो उपटू नका, भोपळा गळायला लागू शकतो. धुवा, परत भरा, आणखी एक दिवस. मग धुऊन सावलीत आडवा ठेवून वाळवा. उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवायचा शॉर्टकट घेऊ नका, भोपळा तडकतो.

५. येर्बा कुठली

गंमत बघा, जगात सगळ्यात जास्त पिणाऱ्या या देशात येर्बेची शेती जवळपास होतच नाही. बहुतेक माल ब्राझीलच्या दक्षिणेतून येतो. अर्जेंटिनात मिसिओनेस आणि कोरिएन्तेस प्रांतांत होते आणि पाराग्वेत तर तिचं मूळच. ग्वारानी लोक हा पाला युरोपीय लोक यायच्या आधीपासून वापरत होते, मग सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी आपल्या वसाहतींमध्ये त्याची लागवड बसवली. झाडाचं शास्त्रीय नाव इलेक्स पाराग्वारिएन्सिस, म्हणजे चहाच्या झाडाशी याचं काही नातं नाही, पण कॅफिन आहे आणि चांगलंच आहे.

दुकानात कपाटभर पाकिटं बघून गोंधळू नका. कानारियास आणि बाल्दो ही इथली रोजची नावं, बारीक दळण, काड्या जवळपास नाहीत, चव जोरदार. अर्जेंटिनाच्या तारागुई, रोसामोन्ते, प्लायादितो यांच्यात काड्या असतात (पाकिटावर "कोन पालो" लिहिलेलं असतं), दळण जाडसर, त्यामुळे कडूपणा कमी आणि नळीही तुंबत नाही. माझा सल्ला, इथे राहत असलात तरी सुरुवात कोन पालोने करा, हात बसला की मग कानारियासवर या. पाकिटावर "सुआवे" म्हणजे सौम्य, आणि "कोम्पुएस्ता" म्हणजे आत पुदिना, बोल्दो वगैरे पाले मिसळलेले. पोट नाजूक असणाऱ्यांना कोम्पुएस्ता बरी पडते असं इथल्या आज्या सांगतात.

उघडलेलं पाकीट घट्ट बंद डब्यात ठेवा, गॅसजवळ आणि मसाल्यांच्या कपाटात नको, हिंग-गरम मसाल्याचा वास येर्बा लगेच ओढून घेते.

६. पाणी उकळायचं नाही

आपला चहा खळखळून उकळल्याशिवाय होत नाही आणि माते उकळत्या पाण्याने बिघडतो, पाला भाजतो, पहिला माते विषासारखा कडू आणि तिसऱ्यातच चव संपली. पाणी ७० ते ८० अंशांपर्यंत. थर्मामीटर लागत नाही, किटली बारीक आवाज करायला लागली आणि तळाशी छोटे बुडबुडे दिसले की गॅस बंद. इथल्या बऱ्याच इलेक्ट्रिक किटल्यांवर मातेचं वेगळं बटण असतं. उकळलंच तर थोडं गार पाणी मिसळा आणि मग थर्मासात भरा.

तब्येतीचंही कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं की ६५ अंशांच्या वरचं फार गरम पेय, मग ते कुठलंही असो, अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बहुधा वाढवतं. फार गरम नसलेल्या मातेवर त्यांनी तसा ठपका ठेवलेला नाही. त्यामुळे ओतल्यावर थोडं थांबा, कढत पिण्यात काही शौर्य नाही. आणि शाकाहारी असाल, रक्त कमी असेल, तर जेवणाला लागून माते नको, चहासारखाच तो अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही.

७. माते लावणे

हे सावकाश वाचा, सगळी कला इथे आहे.

भोपळा दोन तृतीयांश ते पाऊण येर्बेने भरा. हो, एवढा, चमचाभर घालून चहा होतो तसं इथे नाही. तोंडावर तळहात ठेवा, भोपळा उलटा करा आणि तीन-चार झटके द्या म्हणजे बारीक भुकटी वर हाताला लागते, ती झटकून टाका. आता भोपळा तिरकाच धरून हळूहळू सरळ करा, पूर्ण सरळ नाही, म्हणजे सगळी येर्बा एका बाजूला डोंगरासारखी चढून बसेल आणि दुसऱ्या बाजूला तळापर्यंत खड्डा होईल. त्या खड्ड्यात कोमट पाणी घाला, गरम नाही, थोडंसंच. दोन-चार मिनिटं ठेवा. येर्बा पाणी पिऊन फुगते, डोंगर घट्ट होतो. डोंगराचा माथा कोरडा राहिला पाहिजे.

मग बोंबिशा घ्या, वरच्या तोंडावर अंगठा दाबून ठेवा (नाहीतर आत हवा-भुकटी शिरते), गाळणी खड्ड्यातून तळाशी टेकवा, भिंतीला टेकवून ठेवा आणि अंगठा काढा. बस, आता तिला हात नाही. थर्मासातलं पाणी बोंबिशाच्या अगदी मुळाशी, खालून, बारीक धारेने ओता. वर पांढरट फेस आला की जमलं.

दर वेळी त्याच जागी ओतायचं. चव उतरायला लागली की डोंगराचा थोडा थोडा भाग पाण्यात घ्यायचा, कोरडी येर्बा म्हणजे तुमची शिल्लक. अशा रीतीने एक लिटरचा थर्मास आरामात जातो. वर काड्या-पानं नुसती तरंगायला लागली की माते "लावादो", धुऊन निघाला. तेव्हा थोडी जुनी येर्बा काढून नवी घालतात नाहीतर सरळ बदलतात.

नळी तुंबली तर जोर लावून ओढू नका, एकदम गरम पाणी घशात येतं. हळूच किंचित वर उचला, नाहीच जमलं तर काढून धुवा आणि परत लावा.

८. सोबत खायला: शाकाहारी मंडळींनी नीट वाचा

मातेबरोबर बेकरीतले बिस्कोचोस खातात, वजनावर मिळतात, आणि पावसाच्या दिवशी तोर्ता फ्रिता, मैद्याची गोल तळलेली पुरी, मधे भोक. दिसायला इतकी ओळखीची की आपण पटकन उचलतो. पण तोर्ता फ्रिता पारंपरिक पद्धतीत गाईच्या चरबीत तळतात आणि पिठातही चरबी घालतात, खारट बिस्कोचोसमध्येही बऱ्याचदा तीच असते. मटण-मासे दिसत नाहीत म्हणून विचारायचं कुणाला सुचत नाही. आधी विचारा, "तिएने ग्रासा?" म्हणजे यात चरबी आहे का. घरी केलं तर तेलात छान होते, इथल्या मित्रांना शंकरपाळे आणि चकली दिलीत तर थर्मास कधी संपला कळणारही नाही.

९. रोजची निगा

रात्री भोपळ्यात ओली येर्बा ठेवून झोपू नका. रिकामा करा, नुसत्या पाण्याने धुवा, साबण कधीच नाही, भोपळा वास धरतो. आडवा किंवा तिरका वाळवा. बुरशी आली तर खरवडून, उकळतं पाणी ओतून, पूर्ण वाळवून बघा, वास राहिलाच तर टाकून द्या, जीव अडकवू नका. बोंबिशा आठवड्यातून एकदा सोडा घातलेल्या पाण्यात उकळा.

गच्च भरलेल्या बसमध्ये माते काढू नका, ब्रेक लागला की गरम पाणी शेजारच्याच्या मांडीवर. रात्री आठनंतर पिऊन झोप लागत नाही म्हणणारे बरेच भेटतात, ते कॅफिनच आहे.

१०. पुण्या-मुंबईला नेताना

- येर्बा कंपनीचं सीलबंद पाकीटच न्या, सुटी पिशवीत नको, हिरवट भुकटी बघून कस्टमवाले थांबवणारच.
- खरेदीचं बिल पाकिटाबरोबर ठेवा.
- भोपळा वापरलेला असेल तर पूर्ण कोरडा आणि स्वच्छ.
- बोंबिशा चेक-इन बॅगेत. थर्मास केबिनमध्ये नेत असाल तर रिकामा.
- वाटेत चिलीत उतरून बाहेर पडणार असाल तर तिथल्या फॉर्मवर वनस्पतीजन्य पदार्थ म्हणून जाहीर करा. चिली या बाबतीत फार कडक आहे, जाहीर केलं तर फार तर बघतात, लपवलं तर दंड.

एप्रिल-मेमध्ये जात असाल तर घरच्यांना गरम माते देऊ नका, पाराग्वेची पद्धत करा. तिथे उन्हाळ्यात तेरेरे पितात, तीच येर्बा पण बर्फाच्या पाण्यात, सोबत पुदिना किंवा इतर औषधी पाले कुटून घालायचे. २०२० मध्ये युनेस्कोने ही परंपरा आपल्या यादीत घेतली. कोन पालोची येर्बा, काचेचा ग्लास, बर्फाचं पाणी, पुदिन्याची काडी आणि लिंबाची फोड, बोंबिशा तीच. कडूपणा गार पाण्यात कमी उतरतो त्यामुळे पहिल्यांदा पिणाऱ्यालाही जातो, आणि घरात कुणाला उष्ट्याचं असेल तर सरळ दोन-तीन जास्तीच्या बोंबिशा घेऊन जा, वजन काहीच होत नाही.